मोबाईल हरवू नये म्हणून...

आधीच सांगून टाकतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. खरं तर मराठी विभागासाठी मी पावसावर कविता देणार होतो (दरवर्षी कोणीतरी देतोच!). पण मागच्या सेमिस्टरला माझ्या मोबाईलचं जे रामायण झालं, ते लिहिणं जास्त उपयोगाचं वाटलं.

माझं गाव रोहणा, वर्धा जिल्ह्यातलं, आर्वी तालुक्यात. सुट्टी संपली की तिथून एसटीने पुलगाव आणि पुलगावहून ट्रेन. त्या रविवारी पाठीवर सॅक, एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात आईने दिलेली चिवड्याची थैली, आणि फोनची बॅटरी ९ टक्के. ट्रेनमध्ये झोपलो. हॉस्टेलला पोचल्यावर भूक लागली होती म्हणून सामान रूमवर टाकून सरळ मेसमध्ये. जेवून आलो, चार्जर काढला आणि पाहतो तर फोन नाही!

मित्राने फोन लावला तर स्विच ऑफ. "शेवटचा कुठे पाहिला?" असं सगळे विचारू लागले. मी छातीठोकपणे सांगितलं, मेसच्या टेबलावर, पाण्याच्या जगाजवळ ठेवला होता. मग टेबल पुसायला कोण आलं होतं? मेसमधला पोरगा, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. पुढे जे झालं ते लिहितानाही लाज वाटते. चार-पाच जण गेलो, वॉर्डन सरांना बोलावलं, त्याला पेटी उघडायला लावली. त्यात दोन शर्ट, एक घडी केलेली चादर आणि दाढीचं सामान निघालं. तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात पोळी वाढताना माझ्याकडे पाहायचा नाही.

सोमवारी घरी फोन केला. पोलीस तक्रारीसाठी आयएमईआय नंबर लागतो आणि तो मोबाईलच्या डब्यावर असतो. डबा रोहण्याला! बाबा म्हणाले, "लिहून घे, पंधरा आकडे हायेत," आणि दोन-दोनच्या जोडीने वाचू लागले. आता कॉन्व्हेंटच्या पोराची खरी परीक्षा! त्रेचाळीसपर्यंत मी कसाबसा तगलो. मग बाबा म्हणाले "एकोणसाठ" आणि मी लिहिलं ६९. तक्रारीत तोच नंबर गेला.

ही चूक मंगळवारी रात्री माझ्या रूममेटने पकडली, आणि ती कशी पकडली हे आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे. आयएमईआयचे पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, पुढचे सहा म्हणजे त्या हँडसेटचा अनुक्रमांक, आणि पंधरावा आकडा आधीच्या चौदांवरून काढलेला असतो. आयबीएममधल्या हान्स पीटर लुह्न यांनी १९५४ मध्ये या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. रीत सोपी आहे. चौदा आकड्यांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक आकडे दुप्पट करा. दुप्पट केल्यावर दोन अंकी संख्या आली तर तिचे दोन्ही अंक मिळवा. मग सगळ्याची बेरीज करा. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो पंधरावा आकडा. उदाहरणार्थ ४९०१५४२०३२३७५१ घेतला तर बेरीज ५२ येते, ६० ला ८ कमी, म्हणून शेवटी ८. माझ्या नंबरचा हिशोब जुळेना. एखादाच आकडा चुकला असेल तर ही रीत तो हमखास पकडते. पुन्हा घरी फोन, आणि या वेळी मी बाबांना म्हटलं, "एकेक आकडा सांगा, आणि इंग्लिशमध्ये." बाबा हसले की चिडले ते कळलं नाही.

म्हणून आजच हे करा. *#०६# डायल करा, येणारा नंबर वहीत लिहा आणि घरीही पाठवा. ड्युअल सिम असेल तर दोन नंबर येतात, दोन्ही लिहा. बिलाचा फोटो स्वतःला ई-मेल करून ठेवा. हरवलेला फोन ब्लॉक करायची सोय सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या महाराष्ट्रासाठी मुंबईत सुरू झाली आणि मे २०२३ पासून 'संचार साथी' पोर्टलवर देशभर आहे. तक्रारीची प्रत आणि ओळखपत्र जोडावं लागतं. अर्ज भरला की फोन साधारण २४ तासांत सगळ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर बंद होतो. पण अर्जाला ओटीपी लागतो, म्हणजे आधी डुप्लिकेट सिम, आणि नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. माझा मंगळवार त्यातच गेला. अर्ज भरल्यावर मिळालेला रिक्वेस्ट आयडी सांभाळा. फोन परत मिळाला तर ब्लॉक काढायला तोच लागतो. सेकंडहँड फोन घेत असाल तर केवायएम लिहून स्पेस आणि मग आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला असेल तर कळतं.

आणखी एक, सिमला पिन लावा. स्क्रीनलॉक आपण सगळेच लावतो, पण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकलं की बँकेचे ओटीपी तिकडे जातात. फक्त तीनदा पिन चुकली तर सिम लॉक होतं आणि पीयूके नंबर लागतो, तेवढं ध्यानात ठेवा.

गूगलचं 'फाइंड हब' (पूर्वीचं 'फाइंड माय डिव्हाइस') सायलेंटवर असलेला फोनही पाच मिनिटं मोठ्याने वाजवतं. पण माझा फोन बंद पडला होता, वाजणार काय, कपाळ!

बुधवारी नंबर दुरुस्त करून अर्ज भरला. गुरुवारी संध्याकाळी रूममेटला भूक लागली. त्याने चिवड्याची थैली उघडली आणि स्टीलच्या डब्याखालून, वर्तमानपत्राच्या घडीतून माझा फोन काढून टेबलावर ठेवला. काही बोलला नाही. मग म्हणाला, "चिवडा मऊ झालाय बे."

मग हळूहळू आठवलं. पुलगावला गाडी लागली, दोन्ही हातांनी बॅग वर चढवायची होती, म्हणून फोन हातातल्या थैलीत टाकला होता. आणि मेसचं टेबल, पाण्याचा जग? तो प्रसंग सुट्टीवर जाण्याआधीच्या शुक्रवारचा. माझ्या डोक्याने दोन दिवस एकमेकांना जोडले आणि मी शपथेवर सांगायला तयार होतो! दारातून दुसऱ्या खोलीत गेलं की आधीचं विसरायला होतं, असा गॅब्रिएल रॅडव्हान्स्की यांचा २०११ चा प्रयोग आहे. माझ्या मते वस्तू हरवते ती अशाच वेळी, म्हणजे हातातलं काम बदलतं तेव्हा. बस बदलताना, रिक्षाचे पैसे देताना, लॅबमध्ये प्रिंट काढताना.

यावर उपाय रेल्वेकडूनच शिकावा. इंजिनमध्ये लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल दिसला की तो मोठ्याने बोलून एकमेकांना सांगतात. जपानमध्ये तर बोटही दाखवतात. तिथल्या रेल्वे टेक्निकल रिसर्च इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये चाचणी घेतली, तेव्हा एका साध्या कामात शंभर वेळांमागे २.३८ चुका व्हायच्या, त्या बोट दाखवून बोलल्यावर ०.३८ वर आल्या. मी आता कुठूनही उतरलो की खिशावर हात ठेवून म्हणतो, "फोन, पाकीट, चार्जर, किल्ली." पुलगाव स्टँडवर लोक बघतात. बघू देत.

बाकी लहानसहान युक्त्या. पेन ड्राइव्ह रूमच्या किल्लीलाच अडकवा. लॅबच्या सीपीयूमागे विसरलात तर रूम उघडणार नाही आणि दहा मिनिटांत परत पळाल. लॉक स्क्रीनवर घरचा किंवा मित्राचा नंबर टाका, म्हणजे सापडणारा प्रामाणिक माणूस फोन करू शकेल. थैलीत, चादरीत, पुस्तकात फोन ठेवू नका. त्याची एकच जागा ठरवा. ट्रेनच्या दारात उभं राहून बोलू नका. मुंबईच्या लोकलमध्ये हातावर काठीचा फटका मारून फोन पाडणाऱ्यांना 'फटका गँग' असं नावच पडलंय. आणि रीडिंग रूममध्ये लॅपटॉप चार्जिंगला लावून चहाला जाणाऱ्यांना काय सांगू? निदान शेजारच्याला सांगून तरी जा.

ब्लॉक निघायला आणखी दोन दिवस लागले. पण गुरुवारी रात्रीच मी मेसमध्ये गेलो. सगळे जेवून गेले होते, तो भांडी आवरत होता. मी म्हटलं, "फोन माझ्याच थैलीत होता. चूक झाली भाऊ, माफ कर." त्याने हात पुसले. "सापडला न? झालं मंग," म्हणाला. नंतर वॉर्डन सरांकडे जाऊन, सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो असं सांगितलं, आणि शुक्रवारी नाश्त्याला मागितली. पेटी उघडायला लावताना आम्ही पाच होतो, माफी मागताना आम्ही दोघे.

दोन-तीन आठवड्यांनी तो स्वतःहून रूमवर आला. त्याच्याकडे जुना, काच तडकलेला फोन होता. "तो पंधरा आकड्यांचा नंबर माह्या फोनचाही काढून द्या न," म्हणाला. मी *#०६# लावलं, एका कागदावर आकडे लिहिले आणि हिशोब केला. शेवटचा आकडा बरोबर जुळला. कागद घडी करून त्याने पाकिटात ठेवला.