जुना प्रोग्राम, नवी पेटी

संगणकावर एखादा प्रोग्राम बसवितांना आंत काय घडतें, याचा विचार आपण क्वचितच करितों. आम्ही येथें विंडोजचें उदाहरण घेतों, कारण तें बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. जुन्या रीतींत इन्स्टॉलर प्रथम चालतो. तो कांहीं फाइली एका फोल्डरांत ठेवितो, कांहीं दुसऱ्यांत. आणि रजिस्ट्री म्हणून यंत्राची जी मोठी नोंदवही असते, तींत आपल्या नोंदी करितो. पाहुण्यानें आपलें सामान माजघरापासून कोठारापर्यंत मांडून ठेवावें, तसाच हा प्रकार. पाहुणा गेला तरी त्याचें कांहींना कांहीं मागें राहतेंच.

सन २०१२ मध्यें विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टनें आपलें स्टोअर उघडलें. त्यांतून नव्या घडणीचेच प्रोग्राम बसवितां येत. नित्य वापरांतले जुने प्रोग्राम दाराबाहेर राहिले. वर्षानुवर्षें केलेलें काम पुन्हा आरंभापासून लिहून काढण्यास त्यांचे कर्ते अर्थातच उत्सुक नव्हते.

म्हणून सन २०१५ मध्यें कंपनीनें ‘सेंटेनियल’ नांवाची योजना जाहीर केली, आणि ऑगस्ट २०१६ मधील विंडोज १० च्या सुधारणेबरोबर ती वापरांत आली. तिची युक्ति आम्हांस फार आवडते, कारण ती साधी आहे. एक कोरें, अलग ठेवलेलें विंडोज घ्यावयाचें. त्यांत जुना इन्स्टॉलर चालवावयाचा. त्यानें कोणत्या फाइली ठेविल्या व रजिस्ट्रींत काय लिहिलें, तें सर्व टिपून घ्यावयाचें. हें सामान एका पेटींत भरून प्रोग्रामचें नांव, आवृत्ति व कर्ता सांगणारें पत्रक तींत ठेवितात, आणि वर डिजिटल सहीची मोहोर करितात. सन २०१८ पासून या पेटीस एमएसआयएक्स असें नवें रूप मिळालें.

खरी अडचण प्रोग्राम चालूं लागल्यावर दिसते. पेटींतील फोल्डर केवळ वाचण्यापुरतें खुलें असतें. कित्येक जुन्या प्रोग्रामांना आपल्याच फोल्डरांत लिहिण्याची खोड असते. ते येथें अडतात व त्यांची दुरुस्ती करावी लागते. यंत्राच्या गाभ्यांत शिरणारे ड्रायव्हर मात्र या योजनेंत बसले नाहींत.

आपल्या आवडीनिवडींच्या नोंदी असा प्रोग्राम सामाईक वहींत न करितां स्वतःच्या खासगी वहींत करितो. तो काढला, कीं पेटीबरोबर ही वहीही जाते, आणि प्रोग्रामच्या आंतल्या कप्प्यांत साठविलेलीं टिपणेंही जातात. जुनी रीत केर मागें ठेवी, पण त्या केरांत कधीं कधीं विद्यार्थ्याचें कामही वांचे! आमच्या मतें नवी स्वच्छताच बरी. मात्र निबंध किंवा प्रकल्प डॉक्युमेंट्स फोल्डरांत स्वतः ठेवावा, तेथील फाइलीस धक्का लागत नाहीं. पालकांनींही घरच्या संगणकावरून एखादा प्रोग्राम काढण्यापूर्वीं मुलांस विचारावें.

सन २०२१ पासून स्टोअरनें जुने इन्स्टॉलर पेटीवांचूनही स्वीकारण्यास आरंभ केला. त्यामुळें तेथून घेतलेला प्रत्येक प्रोग्राम पेटींतलाच असेल, असें आतां म्हणतां येत नाहीं.