बेसबॉलचा सामना, खिशाला झेपेल असा

घरून आईवडील किंवा सासूसासरे अमेरिकेत यायचे ते बहुधा एप्रिल ते सप्टेंबरात. इथली थंडी त्यांना सोसत नाही, नातवंडांना जूनपासून सुट्टी असते, आणि नेमका तोच बेसबॉलचा हंगाम. मेजर लीगचे ३० संघ मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत प्रत्येकी १६२ सामने खेळतात, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. इतके सामने असताना तिकिटापायी खिसा रिकामा करण्याचे काही कारण नाही. तरीही नवी मंडळी शनिवारी रात्रीचा, नामांकित संघाचा सामना गाठतात आणि सहा तिकिटांचा आकडा पाहून पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पिट्सबर्ग, न्यू जर्सी, बे एरिया इथे मुरलेल्या मराठी घरांचे यावरचे सांगणे जवळपास एकच: आधी वार ठरवा, मग प्रतिस्पर्धी संघ, खुर्ची सगळ्यात शेवटी.

पहिला सामना मायनर लीगचा

पाहुणे वाराणसीचे असोत की वाईचे, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: 'यात आपलं कोण आहे?' उत्तर काशीतच सापडते. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाच्या चेंडूफेकीच्या स्पर्धेतून भदोहीचा रिंकू सिंह आणि वाराणसीजवळच्या गावचा दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पुढे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडात गल्फ कोस्ट लीगमध्ये खेळले. २०१४ मध्ये डिस्नेने त्यांच्यावर चित्रपट काढला. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी पोचले नाही, पण ते जिथे खेळले ती मेजर लीगच्या खालची, म्हणजे मायनर लीगची, पायरी आपल्या कामाची आहे. ती लीग आता फ्लोरिडा कॉम्प्लेक्स लीग म्हणून ओळखली जाते. तिचे सामने संघांच्या सराव-संकुलात होतात आणि तिथे सहसा तिकीट नसतेच. सामने बरेचदा भर उन्हाचे असतात, तेव्हा टोपी विसरू नका.

याच्या वरच्या चार पायऱ्यांवर मिळून १२० संघ आहेत. तिकीट साधारण १० ते २० डॉलरच्या घरात असते, मैदान छोटे, पार्किंग जवळ, आणि खेळाडू कुंपणापाशी येऊन मुलांना सह्या देतात. न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला यँकीजचा डबल-ए (वरून दुसऱ्या पायरीचा) संघ सॉमरसेट पेट्रियट्स खेळतो. मैदान रेल्वे स्टेशनला लागून आहे आणि त्याच गावात बालाजीचे देऊळही आहे. बे एरियावाल्यांना सॅन होजे जायंट्स जवळ. सामने मंगळवार ते रविवार असतात. शुक्रवारी-शनिवारी बरेचदा आतषबाजी असते, रविवारी अनेक ठिकाणी सामन्यानंतर मुलांना मैदानात बेसभोवती पळू देतात. लहान मुले असलेल्या घरांचे मत रविवारच्या बाजूने आहे.

मेजर लीगचे दर कसे हलतात

इथे एकाच खुर्चीचा दर रोज वेगळा असतो. एप्रिल-मे महिन्यातले सोमवार ते गुरुवारचे सामने स्वस्त. यँकीज किंवा डॉजर्स पाहुणे असले, आतषबाजी असली किंवा खेळाडूची मान हलणारी बाहुली फुकट वाटणार असले की दर चढतो. पुनर्विक्रीच्या ॲपवर मागणी नसलेल्या सामन्याची तिकिटे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या काही तासांत उतरतात. दोघांसाठी तोवर थांबणे ठीक आहे. सहा जणांना एका रांगेत बसायचे असेल तर थांबू नका, शेवटी दोन-दोनच खुर्च्या उरतात.

जाहिरातीत एक दर आणि पैसे भरताना दुसरा, हा जुना अनुभव. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत कार्यक्रमांच्या तिकिटांचा दर सक्तीच्या शुल्कासह सुरुवातीलाच दाखवणे बंधनकारक आहे. तुलना करायची ती याच एकूण आकड्याची. अगदी लहान बाळाला मांडीवर घेतले तर बरेच संघ तिकीट मागत नाहीत. मात्र वयाची अट प्रत्येकाची निराळी, ती आधी वाचून घ्या.

तिकीट आता फोनमध्येच येते आणि स्क्रीनशॉट बहुतेक ठिकाणी चालत नाही. घरातल्या एकानेच सगळी तिकिटे काढावीत, आत जाताना सर्वांनी एकत्र असावे. भारतातून येणाऱ्याने आपल्या कार्डावर पैसे भरायचे म्हटले, तर आंतरराष्ट्रीय व्यवहाराची सोय बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावी लागते.

खुर्ची

महाग खुर्ची खाली, स्वस्त वर, हे खरे. पण नवख्याला वरूनच खेळ नीट कळतो: चेंडू कुठे गेला, कोण कुठे धावला. संध्याकाळच्या सामन्याला बहुतेक मैदानांत होम प्लेटमागे आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला सावली लवकर येते. आजीआजोबांसाठी लिफ्टजवळची रांग शोधा. चिमुरडी सोबत असतील तर संरक्षक जाळीमागे किंवा वरच्या मजल्यावर बसा. फटकारलेला चेंडू प्रेक्षकांत फार वेगाने येतो. हातात आला तर परत द्यायचा नसतो, तो तुमचा. क्रिकेट पाहून आलेल्यांना हे खरेच वाटत नाही.

पिट्सबर्गची एक दिवसाची सहल

सकाळी पेन हिल्सला बालाजीचे दर्शन, देवळाच्या उपाहारगृहात चिंचेचा भात आणि दहीभात, संध्याकाळी पायरेट्सच्या पीएनसी पार्कवर सामना: हा बेत पिट्सबर्गच्या मराठी घरांनी पाहुण्यांसाठी पक्का करून ठेवला आहे. २००१ साली उघडलेले हे मैदान ॲलेगेनी नदीच्या काठी आहे. तिसऱ्या बेसकडून नदी, पिवळे पूल आणि पलीकडच्या उंच इमारती दिसतात. गाडी शहरात ठेवा. सामन्याच्या दिवशी रॉबर्टो क्लेमेंटे पूल वाहनांना बंद असतो, त्यावरून चालत जा. चालवत नसेल तर मध्यवर्ती भागातून नॉर्थ साइड स्टेशनपर्यंत टी नावाची ट्राम फुकट आहे.

डबा

पुष्कळ मैदानांत बाहेरचे खाणे मऊ पिशवीतून नेता येते. पिशवीचे माप आणि पाण्याच्या बाटलीचे नियम संघागणिक बदलतात. काचेची बाटली आणि थर्मास घरी ठेवा. तिखटमिठाच्या पुऱ्या, पोळीची गुंडाळी, चिवडा यांवर सामना निघतो. २०२३ पासून चेंडूफेकीला घड्याळ लागले आणि सामना सरासरी दोन तास चाळीस मिनिटांवर आला. म्हणजे एका डब्याचे काम. संध्याकाळी शाल जवळ असावी, मे महिन्यातही वारा बोचतो.

पावसाने सामना पुढे ढकलला तर तिकीट सहसा नव्या तारखेला चालते, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून पाहुणे परत निघायच्या आठवड्यातला सामना घेऊ नका. आणि काहीही विकत घेण्याआधी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर एकदा विचारा. पंधरा-वीस जण जमले तर संघ गटाचा दर देतात. शिवाय हंगामाचे तिकीट काढलेल्या एखाद्याच्या चार खुर्च्या त्या मंगळवारी रिकाम्या जात असतील, तर त्या तुमच्याच.