दायमाबादचा गेंडा किती जुना?

शाळेच्या सहलीबरोबर तुम्ही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात, तर सारी दालने दोन तासांत उरकण्याची घाई होते. तेथे शिल्पे आहेत, धातूच्या व हस्तिदंताच्या शोभिवंत वस्तू आहेत, पेंढा भरलेले पशुपक्षीही आहेत. माझे सांगणे असे, की सगळे पाहण्याच्या भरीस पडू नका. दायमाबादच्या वस्तू कोठे मांडल्या आहेत ते विचारा आणि त्यांच्यापुढे थोडा वेळ थांबा.

दायमाबाद हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी आहे. तेथील प्राचीन वसाहतीचा शोध १९५८ साली लागला. पुढे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला जमीन खणताना चार धातूच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला व सारथी उभा असलेला सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रथ, ३१ सेंटिमीटर उंचीची म्हैस, २५ सेंटिमीटर उंचीचा हत्ती आणि १९ सेंटिमीटर उंचीचा गेंडा. दिसायला खेळणी; पण वजन विचाराल तर चौघांचे मिळून ६० किलोग्रॅमहून अधिक! कारण त्या भरीव आहेत.

आता थोडे गणित करू. तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ८.९ ग्रॅम. म्हणजे ६० किलो धातूचे घनफळ सुमारे ६,७०० घन सेंटिमीटर, पावणेसात लिटरच्या आसपास. अशा वस्तू घडवताना आधी मेणाचा नमुना करतात, त्यावर मातीचा लेप देतात, मेण तापवून काढून टाकतात आणि पोकळीत रस ओततात. मेण पाण्याहून किंचित हलके. तेव्हा तेवढ्याच घनफळाचे मेण साडेसहा किलोच्या आत-बाहेर भरेल. मेण तोलले की धातू किती लागेल हे ओताऱ्याला आधीच कळते. घनतेचे कोष्टक त्याच्याजवळ नव्हते, पण गुणोत्तर हाताला ठाऊक होते. शुद्ध तांबे वितळायला मात्र सुमारे १,०८५ अंश सेल्सिअस तापमान लागते. भाता फुंकणाऱ्याचे काय हाल झाले असतील, याची कल्पना करा!

ही सारी माहिती वस्तूच देते. पण वय? येथे खरी अडचण आहे. रेडिओकार्बन पद्धतीला एकेकाळी सजीव असलेला पदार्थ लागतो: कोळसा, धान्य, हाड. धातूला ती लागू पडत नाही. म्हणून मातीच्या ज्या थरात धातूची वस्तू असते, त्याच थरातील कोळशावरून तिचे वय ठरवतात. या वस्तू पुरातत्त्वज्ञांनी उत्खननात काढलेल्या नव्हत्या. त्यांचा थर नेमका कोणता, हे सांगणारा पुरावा खणतानाच मोडला.

नंतरच्या उत्खननांत दायमाबादला एकावर एक पाच संस्कृतींचे थर मिळाले. त्यांत उत्तर-हडप्पा काळाचाही एक आहे. देशपांडे, राव, साळी अशा अभ्यासकांनी या वस्तू त्याच काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी रासायनिक पृथक्करण पुढे ठेवून शंका काढली. या धातूत एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आहे, आणि दख्खनच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत तसे मिश्रण आढळत नाही. शंका वजनदार आहे. तरी मला ती निर्णायक वाटत नाही. धातू दूरवरूनही आणता येतो, आणि हडप्पा संस्कृतीच्या काही अवजारांत आर्सेनिक सापडते.

गेंड्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहा. आज महाराष्ट्रात रानटी गेंडा नाही. सिंधू खोऱ्यातील मुद्रांवर मात्र हत्ती, म्हैस व गेंडा हे तिन्ही कोरलेले आहेत, आणि गुजरातेत लांघणज येथे मध्याश्मयुगीन थरात गेंड्याचे हाड मिळाले आहे. प्रवरेच्या ओताऱ्याने गेंडा स्वतः पाहिला होता, की त्याची आकृती उत्तरेकडून आली? त्याची कातडी, मान, पाय निरखून तुम्हीच अंदाज करा.

आणि तुमच्या शेतात नांगराला असे काही लागले तर? ते उपसू नका. जागा, खोली आणि मातीचा रंग वहीत टिपा, शक्य तर छायाचित्र घ्या, आणि मोठ्यांकरवी तहसील कचेरीत कळवा. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असा कायदा १८७८ सालापासून आहे.