आघातोत्तर मनोविकार : वैद्य व मानसशास्त्रज्ञ यांची संयुक्त चिकित्सा

भय आणि शोक ही वातप्रकोपाची कारणे आपण पहिल्या वर्षापासून पाठ करतो. चरकाचार्यांनी अतिसाराच्या प्रकारांत भयज व शोकज हे स्वतंत्रपणे सांगितले आहेत. तरीही ‘भय कशाचे?’ हा प्रश्न प्रत्यक्ष रुग्णपरीक्षणात विचारायचा राहून जातो. प्रस्तुत लेखकाकडूनही तो राहिला.

रुग्णवृत्त (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत)

मालवाहू गाडीचा चालक, वय ३८. वेदनाविशेष : वारंवार द्रवमलप्रवृत्ती, निद्रानाश, हृद्द्रव. कालावधी सात महिने. आहार, कोष्ठ, अग्नी सर्व विचारून वातप्रधान ग्रहणी असे निदान केले. कुटजाचे कल्प दिले, उपशय अल्प. पुढे निद्रेसाठी शिरोधारा योजली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर कापसाची घडी ठेवून धारा सुरू होताच रुग्ण किंचाळून उठला, घामाने डबडबला व कक्षाबाहेर धावला. तेव्हा पत्नीने सांगितले, की सात महिन्यांपूर्वीच्या अपघातात शेजारी बसलेला क्लीनर जागीच गेला आणि हे अंधारात अडकून पडले होते.

निदान

आघाताचे पुनःपुन्हा जिवंत होणे (स्वप्ने, दृश्ये), त्याची आठवण देणाऱ्या स्थळांचा व विषयांचा परिहार, आणि सतत धोक्याची जाणीव ही त्रयी काही आठवडे टिकून राहिली व दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तर आघातोत्तर तणाव विकाराचा विचार करावा. १९८० साली अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान मिळाले.

सत्त्वावजयाचा अर्थ

मनास अहितकर विषयांपासून आवरणे म्हणजे सत्त्वावजय. याचा अर्थ आपण सोयीस्करपणे ‘विसरून जा’ असा लावतो. परंतु मानसदोषांच्या उपायांत ज्ञान, विज्ञान, धैर्य व समाधी यांच्याबरोबर स्मृतीचाही उल्लेख आहे. माझ्या मते येथे मर्म आहे. परिहाराने भय तात्पुरते शमते, पण मुळाशी कायम राहते. आघातकेंद्रित मानसोपचारात प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ रुग्णास प्रथम स्थिर करतो, नंतर सुरक्षित वातावरणात घटनेचे क्रमशः कथन करवतो आणि टाळलेल्या गोष्टींकडे पावलापावलाने नेतो. हे कौशल्य आपल्या अभ्यासक्रमात नाही, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

सदर रुग्णास मानसशास्त्रज्ञांकडे पाठविले. चौथ्या बैठकीनंतर स्वप्ने वाढली व रुग्ण उपचार सोडण्याच्या बेतात आला. ‘जखम स्वच्छ करताना ठणकते’ एवढेच मी त्यास सांगितले व मानसशास्त्रज्ञांस तत्काळ कळविले. त्यांनी कथनाची गती कमी केली. आमच्याकडे या काळात दिनचर्या, लघु स्निग्ध आहार आणि रुग्णाच्या संमतीने पादाभ्यंग एवढेच चालू होते. बारा बैठकींनंतर निद्रा व मलप्रवृत्ती सुधारली. आज तो जवळच्या अंतरावर गाडी चालवतो; रात्रीचा प्रवास अद्याप टाळतो.

दक्षता

१. शिरोधारा व अभ्यंगापूर्वी कृती समजावून संमती घ्यावी. डोळे झाकणे, बंद कक्ष, अनपेक्षित स्पर्श यांनी भय उफाळू शकते. केव्हाही थांबता येईल, हे आधीच सांगावे.

२. घटनेचा तपशील खोदून विचारू नये. ‘त्रास सुरू होण्यापूर्वी काही भयंकर घडले होते का?’ एवढे पुरे.

३. मनोविकारतज्ज्ञांनी औषधे दिली असल्यास ती परस्पर बंद करू नयेत. सर्पगंधेने विषाद वाढू शकतो. निद्राकर औषधांबरोबर अश्वगंधेने तंद्रा वाढू शकते. औषधविक्रेत्यांनी ‘झोपेचे काही द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकास चालू औषधे अवश्य विचारावीत.

४. आत्मघाताचे विचार असल्यास रुग्णास एकटे सोडू नये, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून उपलब्ध आहे.

उपसंहार

रुग्ण पोटाची तक्रार घेऊन आपल्याकडे येतो, कारण ती सांगण्यास लाज वाटत नाही. म्हणून पहिले दार आपले आहे. ते उघडून योग्य ठिकाणी हात धरून पोहोचविणे, हेही वैद्यकर्मच होय.