गिझरची वायर कुठून घ्यावी?

प्रश्न : बाथरूममध्ये 3 किलोवॅटचा इन्स्टंट गिझर मीच बसवतोय. आरशाजवळच्या 6 अँपिअरच्या सॉकेटमधून वायर घेऊ का?

उत्तर : कृपया घेऊ नका. 230 व्होल्टला हा गिझर 13 अँपिअर ओढतो. त्या सॉकेटची वायर भिंतीच्या आतच तापेल. मेन बोर्डापासून 4 चौरस मिमीची स्वतंत्र तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी आणि बाथरूमबाहेर डबल पोल स्विच हवा. मात्र एमसीबी वायरीला वाचवतो, ओल्या अंगाने उभ्या माणसाला नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग लागतंच. यात काटकसर नकोच. नळजोडणी, टेफ्लॉन टेप खुशाल तुम्ही करा. वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण त्याच्यासमोर दाबून पाहा.