संकटाची सूचना व आपलें कर्तव्य

वर्धा नदीच्या एका तीरास आपला अमरावती जिल्हा, व दुसऱ्या तीरास नागपूर जिल्ह्यांतील मोवाड हें गांव आहे. सन १९९१ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेस महापुराचें पाणी मोवाडांत शिरलें व २०४ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या काळीं आपल्या हातीं सूचना देणारा फोन नव्हता. आज तो बहुतेक घरीं आहे. तेव्हां आतां प्रश्न हा कीं, आलेली सूचना आपणांस समजते काय, व समजल्यावर आपण उठतों काय?

प्रथम रंगांविषयीं. हवामान खातें आपली सूचना चार रंगांनीं देतें. हिरवा म्हणजे भय नाहीं; पिवळा म्हणजे लक्ष ठेवा; नारिंगी म्हणजे तयार असा; तांबडा म्हणजे आतांच हालचाल करा. आपल्या अंगणांत ऊन आहे म्हणून सूचना खोटी समजूं नये. चिखलदऱ्याच्या डोंगरांत कोसळलेलें पाणी मागाहून चंद्रभागेनें दर्यापुराकडे उतरतें.

दुसरें, फोनाविषयीं. सन २०२३ मध्यें पुष्कळांचे फोन एकाएकीं मोठ्यानें वाजले व लोक घाबरले. ती सरकारनें घेतलेली चांचणी होती. ही सूचना मनोऱ्यावरून त्या भागांतील फोनांस एकदमच जाते. तिला इंटरनेट लागत नाहीं. ती पैसे किंवा गुप्त आंकडा मागत नाहीं. जी मागेल ती ठकाची समजावी.

तिसरें, विजेविषयीं. पुण्याच्या संस्थेनें केलेलें ‘दामिनी’ नांवाचें ॲप जवळपास वीज पडण्याचा संभव असल्यास कळवितें. परंतु शेतांत फोन नसला तरी आकाश स्वतःच सूचना देतें. वीज चमकतांच अंक मोजूं लागावें. गडगडाट ऐकूं येईपर्यंत दर तीन सेकंदांस सुमारें एक किलोमीटर धरावा. तीस मोजण्याच्या आंत गडगडाट आला, तर काम टाकून पक्क्या घरांत जावें. निंबाच्या किंवा बाभळीच्या झाडाखालीं कदापि उभें राहूं नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये.

कित्येक म्हणतात, “पांच वेळां सूचना आली, पण कांहींच झालें नाहीं.” आम्ही त्यांस विचारतों, पांच वेळां व्यर्थ उठल्यानें काय गेलें? झोंप गेली. सहाव्या वेळीं न उठल्यानें काय जाईल, तें ज्यानें त्यानें आपल्या लेंकरांकडे पाहून ठरवावें.

शेवटीं एक गोष्ट. ज्यास वाचतां येतें त्यास सूचना मिळाली, एवढ्यानें गांव वांचत नाहीं. रानांत गुरें राखणारा मुलगा, एकटी राहणारी म्हातारी, नदीकांठच्या झोंपडींतील मजूर, ह्यांस ती कोण सांगेल? धरणाचीं दारें उघडणार असें कळलें, तर नदीकांठच्या शेवटल्या घरापर्यंत कोणीं जावें, हें पावसाळ्यापूर्वींच नेमून ठेवावें. जिल्ह्याच्या आपत्ति कचेरीचा फोन १०७७ हा प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहावा.

शिक्षकांनीं विचारावयाचे प्रश्न : १. नारिंगी व तांबड्या रंगांत भेद काय? २. विजेचें अंतर कसें मोजावें? ३. आपल्या गांवांत फोन नसलेलीं घरें कोणतीं, व तेथें कोण जाईल?