विदाविज्ञानातील प्रबंध आणि वैद्यांची रुग्णपत्रके

डेटा सायन्स अर्थात विदाविज्ञानाचा पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधासाठी रुग्णपत्रके मागावयास आला, तर वैद्यांनी व औषधालयचालकांनी पुढील मुद्दे ध्यानी घ्यावेत. प्रबंध वेळेत पुरा होणे पुष्कळ अंशी नोंदींच्या गुणवत्तेवर अवलंबून असते.

१. प्रतिज्ञा : चरकसंहितेच्या विमानस्थानात वादमार्गाच्या विवेचनात प्रतिज्ञा, हेतू, दृष्टान्त, उपनय व निगमन सांगितले आहेत. प्रबंधाची प्रतिज्ञाही नेमकी हवी. ‘आयुर्वेद व संगणक’ हा विषय कधीच संपत नाही. ‘आमवाताच्या पहिल्या भेटीतील लक्षणांवरून तीन आठवड्यांनंतरच्या उपशयाचा अंदाज बांधता येतो काय?’ हा प्रश्न पुरा होऊ शकतो.

२. नोंदींची शुद्धी : ‘त्रिफळा गुग्गुळ’ व ‘त्रि. गुग्गुळ’ ही संगणकाच्या लेखी दोन औषधे होत. म्हणून संज्ञा एकरूप कराव्यात. व्याधिनामांसाठी आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलवरील प्रमाणित संज्ञा उपयोगी पडतात. औषधालयाची देयके विक्री दर्शवितात, सेवन नव्हे, हेही विद्यार्थ्यास सांगावे.

३. वैद्यांतील एकवाक्यता : प्रकृतिनिदान शिकविण्यासाठी यंत्राला वैद्याचाच निर्णय पुरविला जातो. समजा, दोन वैद्यांनी १०० व्यक्ती स्वतंत्रपणे तपासल्या व ७० बाबतींत मत जुळले. निव्वळ योगायोगाने ५० बाबतींत जुळले असते. तर कोहेन यांचा कप्पा गुणांक (७०-५०) ÷ (१००-५०) म्हणजे ०.४० येतो. गुरूंमध्येच एकमत नसेल, तर शिष्ययंत्राकडून अचूकतेची अपेक्षा कशी धरावी?

४. परीक्षा : एकाच रुग्णाच्या काही भेटी शिक्षणासाठी व काही परीक्षेसाठी वापरल्यास प्रश्नपत्रिका आधीच फुटते, म्हणून विभागणी रुग्णनिहाय करावी. तसेच १०० पैकी ९० रुग्णांस व्याधी नसल्यास, सर्वांना ‘निरोगी’ म्हणणारे यंत्रही ९० टक्के अचूक ठरते, परंतु एकही व्याधित ओळखत नाही. यास्तव व्याधितांपैकी किती ओळखले, हे स्वतंत्रपणे नोंदवावे.

५. गोपनीयता : रुग्णाने विश्वासाने सांगितलेली माहिती ही वैद्याकडील ठेव आहे. नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक वगळूनच नोंदी द्याव्यात. मात्र लहान गावात वय व दुर्मिळ व्याधी यांवरूनही ओळख पटू शकते. रुग्णाची संमती व संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी.

निगमन प्रतिज्ञेविरुद्ध आले तरी प्रबंध निष्फळ ठरत नाही. पद्धती शुद्ध असेल, तर ‘अंदाज बांधता आला नाही’ हाही ग्राह्य निष्कर्ष होय. अनुकूल निष्कर्षाचा आग्रह वैद्यांनी धरू नये. अशा आग्रहाने विद्यार्थ्याचे श्रम वाया जातात आणि शास्त्राची विश्वासार्हताही उणावते.